लोहाच्या गोळ्या आणि अकरावे गुणसूत्र

माझे हिमोग्लोबिन लहानपणापासून थोडे कमीच. आई म्हणायची, "पालेभाजी खात नाहीस, दुसरे काय!" अमेरिकेत आल्यावरही लोहाच्या गोळ्या झाल्या. फरक शून्य. पत्नीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन ए-टू ५.१ टक्के निघाले. साधारण साडेतीनच्या वर म्हणजे बीटा थॅलसेमियाचा वाहक.

बीटा ग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडची एक, वडिलांकडची एक. माझी एक बिघडलेली. दुसरीवर माझे छान चालले आहे. पण नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलसेमिया मेजरची. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचे गणित बदलत नाही.

आम्हा प्रोग्रामरांच्या भाषेत, जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळा प्रोग्रॅम असतो, चालतो मात्र निवडक भाग. पोटातल्या बाळाचे गॅमा ग्लोबिनवर भागते. बीटाचे जनुक जोमाने कामाला लागते ते जन्माच्या सुमारास. म्हणून मेजरचे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान फिकट पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले.

पत्नीचा रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. ती वाहक नाही. (त्या रात्री आम्ही दोघे पोटभर जेवलो.)

विम्याविषयी: २००८ च्या कायद्यानुसार आरोग्यविमा कंपनीला जनुकीय माहितीवरून हप्ता वाढवता येत नाही. आयुर्विम्याला हे संरक्षण नाही.

पुण्यात धाकट्या भावाचे लग्न ठरते आहे. पत्रिका जुळली म्हणे. रविवारी त्याला फोन करून ए-टूचा आकडा विचारणार आहे.