जुन्या ट्रॅक्टरास तेल कोणतें घालावें?

आपल्या शेतकरी बंधूंच्या गोठ्याशेजारीं आज जे ट्रॅक्टर उभे असलेले दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ वीस-पंचवीस वर्षांचे, आणि कांहीं त्याहूनहि जुने आहेत. महिंद्र बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, एच. एम. टी. २५११ हीं नांवें खेडोपाडीं बैलांच्या नांवांइतकीं परिचयाचीं झालीं आहेत. नवा ट्रॅक्टर घेणें प्रत्येकास शक्य नसतें, आणि जुन्याची नीट निगा राखिली तर तशी निकडहि नसते. या निगेंत इंजिनाच्या तेलास पहिलें स्थान आहे. तथापि दुकानांत तेल मागतांना बहुतेक जण दुकानदार जो डबा पुढें करील तोच उचलतात. कोणी सर्वांत महाग तें उत्तम समजतो, कोणी सर्वांत स्वस्त तें पुरे म्हणतो, तर कोणी सर्वांत दाट तें जुन्या इंजिनास मानवेल अशी समजूत करून घेतो. या तिन्ही समजुती नुकसानीच्या आहेत. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तेलाचें कार्य ध्यानांत घ्यावें. फिरत्या भागांमध्यें पातळ थर राखून घर्षण कमी करणें हें तर त्याचें काम आहेच. परंतु पिस्टनची उष्णता वाहून नेणें, रिंग व लायनर यांमधील फट बुजविणें, काजळी धुऊन ती तरंगत ठेवणें आणि जळणापासून होणाऱ्या आम्लाचा नाश करणें हींहि कामें तेंच करितें. डिझेल इंजिनांतील तेल थोड्याच तासांत काळें पडतें तें याच कारणानें. तेल काळें झालें एवढ्यावरून तें बिघडलें असें मानूं नये. तें काजळी उचलीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आतां डब्यावरील आंकड्यांकडे वळूं. ‘१५ डब्ल्यू-४०’ किंवा ‘२० डब्ल्यू-४०’ असें त्यावर छापलेलें असतें. यांतील डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें द्योतक असून त्यामागील आंकडा तेल थंडींत किती सहज हलतें तें सांगतो. १५ च्या तेलाची ही परीक्षा शून्याखालीं २० अंश सेल्सिअसवर, तर २० च्या तेलाची शून्याखालीं १५ अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडसारख्या थंड भागांतहि पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाहीं. तेव्हां या पहिल्या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजण्याचें आपणांस कारण नाहीं. दुसरा आंकडा मात्र महत्त्वाचा होय. इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांवर, तेल किती दाट राहतें तें तो दर्शवितो. या उष्णतेंत ३० क्रमांकाचें तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ४० क्रमांकाचें १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतकें दाट असावें लागतें. आपल्या ट्रॅक्टराच्या पुस्तकांत जो क्रमांक दिला असेल, तोच घ्यावा. पुस्तक हरवलें असल्यास कंपनीच्या विक्रेत्याकडून क्रमांक लिहून आणावा व तो गाडीच्या कागदांत जपून ठेवावा.

आंकड्यांखेरीज डब्यावर गुणवत्तेचीं अक्षरें असतात. डिझेल इंजिनाच्या तेलास ‘सी’ या अक्षरापासून आरंभ होणारा वर्ग असतो. ‘सी एफ-४’ हा वर्ग १९९० सालीं आणि ‘सी आय-४’ हा २००२ सालीं ठरला. पुढचा वर्ग मागच्याची जागा घेऊं शकतो; म्हणून जुन्या ट्रॅक्टरास ‘सी एफ-४’ सांगितलें असतां तें न मिळाल्यास योग्य क्रमांकाचें ‘सी आय-४’ निर्धास्तपणें घालावें. याच्या उलट मात्र करूं नये.

कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेलाविषयीं पुष्कळ विचारणा होत असते. हें तेल गुणांनीं श्रेष्ठ आहे यांत शंका नाहीं. तें अतिशय थंडींत वाहतें, मोठ्या उष्णतेंत टिकतें आणि दीर्घकाळ चालतें. परंतु जुन्या ट्रॅक्टरांत तेल बदलावें लागतें तें तें थकलें म्हणून नव्हे, तर त्यांत काजळी, धूळ, पाणी व न जळलेलें डिझेल मिसळलें म्हणून. रिंगा झिजलेल्या इंजिनांत ही घाण लवकर सांचते, आणि ती महाग-स्वस्त असा भेद करीत नाहीं. जें तेल ठरल्या तासांनीं काढून टाकावयाचेंच आहे, त्याच्या दीर्घायुष्याची किंमत कां द्यावी? शिवाय जुन्या सिलांतून तेल गळत असेल तर महाग तेलहि तितकेंच गळणार. यास्तव योग्य क्रमांकाचें, योग्य वर्गाचें साधें खनिज तेल जुन्या इंजिनास पुरेसें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. वांचलेला पैसा नव्या फिल्टराकडे आणि वेळच्या वेळीं तेल बदलण्याकडे लावावा.

दाट तेलाचा मोह याहून घातक आहे. धुराड्यांतून निळसर धूर येऊं लागला म्हणजे तेल जळत आहे असें समजावें. अशा वेळीं पन्नास क्रमांकाचें तेल घातल्यास धूर कांहीं दिवस कमी होतो, आणि रोग बरा झाला असें वाटतें. वस्तुतः रोग झांकला जातो. दाट तेल सकाळीं इंजिन सुरू करितांना बेअरिंगांपर्यंत उशिरां पोंचतें, आणि झीज बहुधा त्याच क्षणीं होते. पुस्तकांत उन्हाळ्यासाठीं अधिक दाट तेलाची मुभा दिली असेल तर ती अवश्य घ्यावी. तीपलीकडे जाऊं नये. धूर वाढतच असेल तर रिंगांचें काम हंगामापूर्वीं करून घ्यावें.

सुट्या तेलाविषयीं तर आम्हांस कळकळीनें सांगावेंसें वाटतें. पिंपांतून मापून मिळणाऱ्या तेलाचा क्रमांक, वर्ग किंवा उगम यांपैकीं कांहींच कळत नाहीं. तें वापरलेलें तेल गाळून केलेलेंहि असूं शकतें. डब्याचें सील, छापील तारीख व बॅच क्रमांक पाहून घ्यावे, पावती मागावी, आणि रिकामा डबा भोंक पाडूनच टाकावा. नाहींतर तोच डबा बनावट तेल भरून पुन्हां बाजारांत येतो. डब्यामागें वांचणारे पैसे आणि क्रँकशाफ्ट घासण्याचा खर्च यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. आणि खर्चापेक्षां मोठें नुकसान वेळेचें असतें. पेरणीच्या ऐन वाफशांत ट्रॅक्टर गॅरेजांत पडून राहिला, तर गेलेला वाफसा कोणताहि मिस्त्री परत आणून देत नाहीं.

तेल किती तासांनीं बदलावें तें पुस्तकांत दिलेलें असतें. परंतु जुन्या ट्रॅक्टरांचा तासमापक बहुधा बंद पडलेला असतो. त्यास सोपा उपाय आहे: डिझेलचा हिशेब ठेवावा. ट्रॅक्टर सरासरीनें ताशीं ४ लिटर डिझेल घेत असेल, तर ८०० लिटर संपले म्हणजे २०० तास भरले. धुळींत रोटाव्हेटर चालविणाऱ्यानें किंवा भाताची चिखलणी करणाऱ्यानें ठरल्या मुदतीच्या थोडें आधींच तेल बदलावें. ऑईल-बाथ पद्धतीच्या एअर क्लीनरांतील तेलहि त्या दिवसांत वरचेवर पाहावें. कारण इंजिनांत शिरणारी धूळ कोणतेंहि तेल निष्फळ करिते. तेल काढतांना इंजिन गरम असावें, म्हणजे घाण तळाशीं न राहतां बाहेर पडते. काढलेलें तेल विहिरीजवळ वा शेतांत ओतूं नये. डब्यांत सांठवून अधिकृत संग्राहकास द्यावें.

शेवटीं, रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं ट्रॅक्टर सपाट जागीं असतां पट्टी पाहण्याचा परिपाठ ठेवावा. पातळी खालीं गेली तर भर घालावी. पातळी आपोआप वाढली असेल तर डिझेल किंवा पाणी मिसळलें आहे असें जाणावें, आणि तेल दुधाळ दिसल्यास पाणीच समजावें. अशा वेळीं इंजिन मुळींच सुरू न करितां मिस्त्रीस बोलवावें. योग्य क्रमांकाचा सीलबंद डबा, ठरल्या वेळीं बदल आणि रोजची पट्टी, एवढें सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास जुना ट्रॅक्टर आणखी कित्येक हंगाम सुखानें साथ देईल.