छताखालचं टेनिस आणि कोकणचा पाऊस

ऑक्टोबर निम्मा सरला की पुरुषांचं व्यावसायिक टेनिस छताखाली जातं. युरोपात थंडी सुरू होते आणि स्टॉकहोम, बाझल, व्हिएन्ना, पॅरिस अशा बंदिस्त कोर्टांवरच्या स्पर्धा ओळीने येतात. त्यातली स्टॉकहोमची 1969 पासूनची. आत वारा नाही, डोळ्यांवर ऊन नाही. सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू हवा तिथेच मिळतो. साहजिकच जोरकस सर्व्हिसवाल्यांची इथे चलती असते. रोहन बोपण्णाने पॅरिसला दुहेरीचं विजेतेपद लागोपाठ दोनदा मिळवलं: 2011 मध्ये ऐसाम उल हक कुरेशीबरोबर, 2012 मध्ये महेश भूपतीबरोबर.

आपल्याकडे एटीपी स्पर्धा 2018 मध्ये चेन्नईहून पुण्याला बालेवाडीत आली आणि करोनाचं 2021 साल सोडता 2023 पर्यंत भरली. 2019 च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनला 39 वर्षांच्या इव्हो कार्लोविचने तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत झुंजवलं. अखेर अँडरसन जिंकला. हे सगळं उघड्या कोर्टावर. पुण्यातल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत छत लागतंच कशाला?

स्पर्धा आठवड्याभरात उरकते, खेळाडू घडायला मात्र बारा महिने सराव लागतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पेण किंवा रोह्यात उघडं कोर्ट बांधलं, तर ऐन शाळा सुरू होताना ते ओलं होणार आणि कडेने शेवाळ धरणार. नुकतीच रॅकेट हातात घेतलेल्या मुलाचा सराव तिथेच तुटतो.

कबड्डीने यावर तोड काढली. लाल मातीतला हा खेळ मॅटवर आला, आणि प्रो कबड्डीचा पहिला सामना 26 जुलै 2014 रोजी, भर पावसाळ्यात, वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. कबड्डी जिवापाड जपणाऱ्या रायगडला हे वेगळं सांगायला नको.

टेनिसची अडचण जागेची आहे. रेषांमधलं कोर्ट 23.77 बाय 10.97 मीटर, धावायला मोकळी जागा धरली की 36.57 बाय 18.29. शिवाय उंच लॉब छताला लागू नये म्हणून जाळ्यावर निदान नऊ मीटर उंची हवी. बॅडमिंटनपुरत्या बांधलेल्या हॉलमध्ये टेनिस मावत नाही. उलट, टेनिसच्या मापाच्या हॉलमध्ये 13 बाय 10 मीटरची कबड्डीची दोन मैदानं किंवा बॅडमिंटनची चार कोर्टं सहज बसतात.

म्हणून तालुक्याच्या क्रीडासंकुलाचा नकाशा काढतानाच टेनिसचं माप धरावं. नंतर भिंती सरकवता येत नाहीत की छत उचलता येत नाही. पेण-रोह्याच्या पोरांना जुलैत सराव मिळाला, तरच त्यांनी जानेवारीत बालेवाडीच्या कोर्टावर उतरावं ही अपेक्षा रास्त ठरेल.