सोळा पृष्ठांचे आपले पुस्तक

मुलांना निबंध लिहायला सांगितला, की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येते : "गुरुजी, काही सुचतच नाही." शिक्षक बंधुभगिनींनो, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकले असेल! आणि खरे सांगायचे तर आपणा मोठ्यांचीही तीच तक्रार असते. सुचणे म्हणजे वळवाचा पाऊस. आला तर आला, नाही तर आभाळाकडे बघत बसायचे, अशी आपली समजूत.

पण जरा घरातच पाहा. दिवाळीत अंगणात रांगोळी काढणारी आजी एखादा वेल असा वळवते, की आपण बघत राहावे. तिला विचारा, "आजी, हे कुठून सुचलं गं?" ती म्हणेल, "अरे, परसातला दोडका मांडवावर असाच चढतो की!" म्हणजे सुचण्याआधी पाहणे झालेले असते. पाहिलेले मनात राहिले, म्हणून हाताला सुचले. आपले होते काय, की आपण पाहतो आणि विसरतो. आजीची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, आणि एक दिवस आजीबरोबर तो वेलही जातो. तेव्हा असे पाहिलेले जपायला एक जागा हवी. ती जागा म्हणजे आपण स्वतः लिहिलेले, स्वतः चितारलेले आणि स्वतः शिवलेले एक लहानसे पुस्तक.

थोरामोठ्यांनीही हेच केले. इटलीतील लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) चित्रकारांना सांगे, की जवळ एक लहान वही बाळगा, आणि माणसे बोलताना, भांडताना, हसताना दिसतील तशी चार रेघांत टिपून घ्या. त्याच्या स्वतःच्या वह्यांची हजारो पृष्ठे आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांत पाण्याचे भोवरे आहेत, पक्ष्यांचे पंख आहेत, आणि शेजारी त्याने उलट्या अक्षरांत केलेली टिपणे आहेत.

रवींद्रनाथ ठाकुरांची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची. कवितेतला एखादा शब्द नको झाला, की ते तो खोडीत; पण नुसता खोडून सोडीत नसत. खोडलेल्या जागा रेघांनी एकमेकींना जोडीत, आणि त्यातून कुठे पक्षी, कुठे एखादा अनोखा प्राणी उभा राही. 'पूरबी' या संग्रहाच्या १९२४ सालच्या हस्तलिखितात अशी पाने पाहायला मिळतात. या खाडाखोडीतूनच त्यांची चित्रकला वाढली, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती! मुलाच्या वहीतली खाडाखोड पाहून लाल शाई उचलण्यापूर्वी एवढे आठवावे.

आता पुस्तक कसे करायचे ते पाहू. चार कोरे कागद घ्या. प्रत्येक कागद मधोमध दुमडा आणि एकात एक घाला. झाली सोळा पृष्ठे. पण लगेच चित्रे काढायला बसू नका, बरं का. आधी रद्दी कागदाचा असाच एक कच्चा नमुना करा. त्यावर १ ते १६ आकडे घाला आणि कोणत्या पृष्ठावर काय यायचे ते पेन्सिलीने लिहा. मग कागद सुटे करून पाहा. बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ आहेत, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. कोणत्याही कागदाची कोणतीही बाजू घ्या, बेरीज १७ च येते. हे गणित मुलांना आपले आपण शोधू द्या. त्याचा उपयोगही आहे. समोरासमोरच्या पृष्ठांपैकी ८ आणि ९ हीच जोडी एका अखंड कागदावर येते. तेव्हा गावची जत्रा, पूर आलेली नदी असे दोन पृष्ठे व्यापणारे चित्र तिथेच काढावे.

घडीच्या बाजूला बोटभर जागा कोरी ठेवा, नाही तर अक्षरे शिवणीत जातात. एका पृष्ठावर एकच वस्तू घ्या. चित्राखाली तीन गोष्टी लिहा : काय पाहिले, कुठे आणि केव्हा पाहिले, आणि ते पाहून काय करावेसे वाटले. उदाहरणार्थ, 'सुगरणीचे घरटे. विहिरीवरची बाभळ, आषाढ महिना. अशी टोपली विणून पाहावी.' यातली तिसरी गोष्ट विसरू नका. पहिल्या दोन गोष्टींची नुसती नोंदवही होते. तिसरीने ते स्फूर्तीचे पुस्तक होते.

रंगांसाठी पेटी नसली तरी अडत नाही. गेरू, हळद, नीळ आणि दिव्याची काजळी घरात मिळते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात मिसळला, की रंग कागदाला धरून राहतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण मिटलेल्या पुस्तकात बराच टिकतो.

शेवटी वरून जाड कागदाचे वेष्टन घाला आणि घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. दोरा मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, खालच्यातून बाहेर आणा आणि पुन्हा मधल्यातून आत घ्या. आतल्या लांब टाक्यावर दोन्ही टोकांची गाठ मारा.

गुरुजींना एक विनंती. या पुस्तकाला गुण देऊ नका. गुण आले, की मुले शेजाऱ्याचे पुस्तक पाहून चित्रे काढतील, आणि मग दोडक्याचा वेल कोण पाहणार?

येत्या रविवारी चार कागद दुमडा, आणि पहिले चित्र काढण्यापूर्वी आजीजवळ जाऊन बसा. तिला म्हणा, "तो वेल एकदा कागदावर काढून दाखव." तिचा हात थरथरेल, रेघ वाकडी येईल. येऊ द्या. ती खोडू नका.