परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचे आहे? संस्था निवडण्यापूर्वी हे तपासा

शिक्षण सुरू असताना किंवा नोकरी मिळेपर्यंतच्या काळात परदेशात जाऊन समाजकार्य करावे, असे अनेक तरुणांना वाटते. नवीन भाषा शिकता येते, अनुभव मिळतो, पुढे नोकरीसाठी उपयोग होतो. मात्र याच इच्छेचा फायदा घेऊन पैसे उकळणारेही आहेत. घरातले दागिने गहाण ठेवून किंवा बचत गटाचे कर्ज काढून एजंटला दिलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी, पैसे भरण्यापूर्वी आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात देण्यापूर्वी हा लेख पूर्ण वाचा.

थोडक्यात महत्त्वाचे

• पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, हे सर्वांत आधी पाहा.
• व्हिसावर काय लिहिले आहे, ते दुसरे पाहा. पर्यटन व्हिसावर काम करायला जाऊ नका.
• संस्थेची नोंदणी स्वतः तपासा. एजंटने दाखवलेला कागद पुरेसा नाही.
• मूळ पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

स्वयंसेवेचे तीन प्रकार

"परदेशात स्वयंसेवा" या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. तुमच्यापुढे आलेला प्रस्ताव कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी ओळखा.

१. खर्च संस्था करते. स्वयंसेवकाला पगार नसतो, पण राहण्या-जेवणाची सोय किंवा भत्ता आणि विमा संस्थेकडून मिळतो. निवड अर्ज आणि मुलाखतीतून होते.

२. खर्च तुम्ही करता. संस्था "सहभाग शुल्क" घेते आणि काही आठवड्यांसाठी एखाद्या शाळेत किंवा प्रकल्पात पाठवते. हे बेकायदा असेलच असे नाही, पण ती पदरचे पैसे घालून केलेली सहल असते.

३. नाव स्वयंसेवेचे, काम दुसरेच. "मानधन" म्हणून मोठी रक्कम सांगितली जाते, घाई केली जाते आणि पर्यटन व्हिसावर पाठवले जाते. यातून दूर राहा.

खर्च संस्था करते, असे दोन कार्यक्रम

संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये हा कार्यक्रम स्थापन केला. त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे. १८ ते २६ वर्षे वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. २७ वर्षांपुढील अनुभवी व्यक्तींसाठी वेगळी पदे असतात. प्रत्यक्ष नेमणूक झालेल्या स्वयंसेवकाला दरमहा राहणीमान भत्ता आणि विमा मिळतो. परदेशातील नेमणूक असेल तर प्रवासखर्चही मिळतो. अर्ज कार्यक्रमाच्या अधिकृत पोर्टलवर स्वतः करायचा असतो. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रे शुल्क घेत नाहीत. "संयुक्त राष्ट्रांत निवड झाली, प्रक्रिया शुल्क भरा" असा संदेश आला तर तो खोटा समजा.

याच कार्यक्रमात भारतातील पदेही निघतात. घरी बसून इंटरनेटवरून करायची ऑनलाइन स्वयंसेवाही आहे. ऑनलाइन स्वयंसेवेला भत्ता नसतो, पण पासपोर्ट, व्हिसा किंवा शुल्कही लागत नाही. परदेशी जाण्याआधी अनुभव मिळवण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे.

जर्मनीतील संघीय स्वयंसेवा सेवा: ही योजना जर्मन सरकारने २०११ मध्ये सुरू केली. रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था, पर्यावरण प्रकल्प अशा ठिकाणी साधारणपणे १२ महिने काम करायचे असते. स्वयंसेवकाला खर्चायला दरमहा ठरावीक रक्कम मिळते, सामाजिक विमा मिळतो आणि वर्षाच्या सेवेत २५ दिवसांचे प्रशिक्षण असते. परदेशी व्यक्तींनाही योग्य व्हिसा असेल तर सहभागी होता येते. यासाठी जर्मन भाषा यावी लागते. भाषावर्गाची फी हा खरा खर्च आहे, पण ती वर्ग चालवणाऱ्या संस्थेला पावती घेऊन भरा. पुणे आणि मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनात असे वर्ग चालतात. "भाषा, जागा आणि व्हिसा मिळून एकच पॅकेज" असे कोणी सांगत असेल तर प्रत्येक गोष्टीची वेगळी रक्कम लेखी मागा. या योजनेत यजमान संस्था स्वयंसेवकाला देते. जागा मिळवून देण्यासाठी लाखो रुपये मागणारा मध्यस्थ स्वतःचा नफा त्यात धरत असतो.

सहभाग शुल्क घेणारी संस्था असेल तर

शुल्क घेते म्हणजे संस्था खोटी, असे नाही. पण हे प्रश्न लेखी विचारा:

• शुल्कातून राहणे, जेवण, विमा आणि स्थानिक वाहतूक यांपैकी काय मिळणार?
• विमानाचे भाडे आणि व्हिसा शुल्क यात धरले आहे का?
• शुल्कापैकी किती रक्कम प्रत्यक्ष प्रकल्पाला जाते?
• व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील आणि किती दिवसांत?
• या प्रकल्पावर आधी गेलेल्या दोन-तीन भारतीय स्वयंसेवकांशी बोलता येईल का?

अनाथाश्रमातील मुलांबरोबर काही आठवडे राहण्याचा प्रस्ताव असेल तर विशेष काळजी घ्या. काही देशांत पाहुण्यांकडून देणग्या मिळाव्यात म्हणून आई-वडील हयात असलेल्या मुलांनाही अशा आश्रमांत आणले जाते. मुलांबरोबर काम देणारी जबाबदार संस्था तुमच्याकडे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागते. काहीही न तपासता मुलांमध्ये पाठवणारी संस्था टाळलेली बरी.

व्हिसाची बाब सर्वांत महत्त्वाची का आहे

तुमच्या कामाला त्या देशात कायदेशीर संरक्षण आहे की नाही, हे बहुतांशी व्हिसावर ठरते. अनेक देशांत पर्यटन व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. पकडले गेल्यास दंड, अटक किंवा परत पाठवणी होऊ शकते. त्यामुळे ज्या देशात जायचे आहे त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर "स्वयंसेवा" या कारणासाठी कोणता व्हिसा लागतो, ते स्वतः वाचा. युरोपातील शेंगेन पर्यटन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. वर्षभराच्या सेवेसाठी तो चालत नाही, ही साधी गोष्टही अनेकांना माहीत नसते.

पासपोर्टवर "ईसीआर" म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असा उल्लेख आहे का, तेही पाहा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा तो असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, कुवेत, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास संरक्षकांची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पर्यटन व्हिसावर जाताना ही मंजुरी लागत नाही. नेमकी हीच पळवाट फसवणारे एजंट वापरतात. मंजुरी टळते, तसा विमाही मिळत नाही आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तुमची नोंदही राहत नाही.

आग्नेय आशियातील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत अडकलेल्या भारतीयांची उदाहरणे लक्षात ठेवा. थायलंडमध्ये चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना म्यानमारच्या सीमाभागात नेण्यात आले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने दोन दिवसांत ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. तेथे आमिष नोकरीचे होते. पण समाजमाध्यमावरचा प्रस्ताव, घाई आणि भलत्याच व्हिसावर प्रवास ही पद्धत स्वयंसेवेच्या नावानेही वापरता येते.

नोंदणी कशी तपासावी

भारतातील संस्था: महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्थेचा ओळख क्रमांक शोधता येतो. मात्र दर्पणवर नाव असणे म्हणजे सरकारची शिफारस नव्हे.

परदेशातील संस्था: त्या देशाची अधिकृत नोंदवही पाहा. उदाहरणार्थ, इंग्लंड आणि वेल्समधील धर्मादाय संस्थांची नोंदवही इंटरनेटवर मोफत पाहता येते. तेथे दिलेल्या पत्त्यावर स्वतः ईमेल पाठवून विचारा, "हे निमंत्रणपत्र तुम्हीच दिले आहे का?"

एजंट: परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते.

सरकारी कार्यक्रम: राष्ट्रीय सेवा योजना आणि माय भारत यांच्यामार्फत काही तरुणांची परदेशी युवा शिष्टमंडळांसाठी निवड होते. ही निवड युवा कार्यक्रम मंत्रालयाच्या व्यवस्थेतून होते. यासाठी कोणताही खासगी एजंट नेमलेला नसतो. तुमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे चौकशी करा.

एक जाहिरात तपासून पाहू

समजा, तुमच्या मोबाइलवर असा संदेश आला: "परदेशात समाजसेवेची संधी. राहणे-जेवण मोफत, मानधन दरमहा ६० हजार. शिक्षणाची अट नाही. फक्त ५ जागा. आजच २५ हजार भरा. व्हिसा आम्ही काढू, पासपोर्ट कार्यालयात जमा करा."

• मानधन ६० हजार आणि शिक्षणाची अट नाही: स्वयंसेवकाला खर्चापुरती रक्कम मिळते. एवढा पैसा मिळणार असेल तर ती नोकरी आहे. मग नोकरीचा करार आणि नोकरीचा व्हिसा मागा.
• "फक्त ५ जागा, आजच": तुम्ही चौकशी करू नये यासाठी केलेली घाई.
• देशाचे आणि संस्थेचे नाव नाही: तपासायचे काय, हेच सांगितलेले नाही.
• "व्हिसा आम्ही काढू": कोणत्या प्रकारचा, हे लिहिलेले नाही.
• पासपोर्ट जमा करा: पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. व्हिसासाठी तो दूतावास किंवा त्याच्या अधिकृत केंद्रात स्वतः द्या. इतरांना फक्त छायाप्रत द्या.

करारपत्रात काय असावे

तुम्हाला समजणाऱ्या भाषेत करार मागा. त्यात यजमान संस्थेचे नाव व पत्ता, कामाचे स्वरूप, रोजचे तास, सुट्टी, राहण्याची सोय, भत्ता, आरोग्य विमा, परतीचे तिकीट कोण देणार आणि मध्येच काम सोडल्यास काय होईल, हे स्पष्ट असावे. "मध्येच सोडल्यास दंड" अशी अट असेल तर सही करू नका.

निघण्यापूर्वी घरची तयारी

• करार, व्हिसा, तिकीट, विमा आणि पासपोर्ट यांच्या प्रती घरच्यांकडे ठेवा.
• आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवा. योजनांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. ओटीपी किंवा एटीएमचा पिन एजंटला देऊ नका.
• शिधापत्रिका आणि बँक खात्याची ई-केवायसी बाकी असेल तर जाण्यापूर्वी पूर्ण करा.
• शिष्यवृत्ती मिळत असेल तर महाविद्यालयाची लेखी परवानगी घ्या. उपस्थिती कमी पडल्यास शिष्यवृत्ती थांबू शकते.
• तेथील भारतीय दूतावासाचा पत्ता आणि क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्वयंसेवेसाठी जाऊन पुढे तेथेच नोकरी करता येईल का?
त्या देशाच्या नियमांवर ते अवलंबून आहे. स्वयंसेवेच्या व्हिसावर नोकरी करता येईल, हे एजंटच्या शब्दावर मानू नका. दूतावासाकडून खात्री करा.

एजंटला पैसे दिले आहेत, पण आता शंका येते. काय करू?
आणखी पैसे देऊ नका. पावत्या, संदेश आणि कॉलची नोंद जपून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम वाचण्याची शक्यता कमी.

तेथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला तर?
भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

मदत कुठे मिळेल

• प्रवासी भारतीय सहायता केंद्र (भारतातून निःशुल्क): १८०० ११ ३०९०
• सायबर आर्थिक फसवणूक: १९३०
• भारतातील तातडीची पोलीस मदत: ११२
• एजंटची नोंदणी तपासण्यासाठी: ई-मायग्रेट पोर्टल किंवा जवळचे उत्प्रवास संरक्षक कार्यालय. महाराष्ट्रात हे कार्यालय मुंबईत आहे.

पैसे भरण्यापूर्वी केलेला एक फोन मोफत आहे. मनात शंका असेल तर आधी तो करा.