गटाचं संकेतस्थळ: चावी गटाकडेच हवी



भीमथडी जत्रेत किंवा सरस प्रदर्शनात शिरूरच्या गटाची चटणी, दौंडचा गूळ गिऱ्हाईक आवडीनं नेतं. पण पुन्हा मागवायचं तर कुणाला फोन करायचा? व्हॉट्सअॅपचं स्टेटस २४ तासांत जातं. म्हणून इंटरनेटवर गटाचं स्वतःचं एक पान असावं.

पूर्वी असं पान करायला एचटीएमएल ही खुणांची भाषा लिहावी लागायची. १९९१ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ याच भाषेत होतं. आता गूगल साइट्स, वर्डप्रेससारखी साधनं ती भाषा आपल्यासाठी मागच्या मागे लिहितात. गोधडीचे तुकडे आपण आधी मांडून बघतो, जमलं की टाके घालतो, तसंच हे काम.

गूगल साइट्स फुकट आहे. शिकताना मोबाइलपेक्षा संगणक बरा पडतो.

१. कोरं पान उघडा. वर गटाचं आणि गावाचं नाव लिहा.
२. बाजूच्या 'इन्सर्ट' मधून फोटो आणि मजकुराची चौकट घ्या. माउसनं धरून हवी तिथं सरकवा, कडेला ओढून लहान-मोठी करा. चुकलं तर वरच्या उलट्या बाणानं मागे जाता येतं.
३. माल, वजन, दर आणि संपर्काचा नंबर लिहा. खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय क्रमांकही टाका.
४. 'प्रिव्ह्यू' मध्ये पान मोबाइलवर कसं दिसेल ते बघा. गिऱ्हाईक बहुतेक मोबाइलवरच बघणार.
५. मग 'पब्लिश' दाबा. नंतर दर बदलला तर पुन्हा 'पब्लिश' दाबावं लागतं. नाहीतर आपल्याला नवा दर दिसतो आणि गिऱ्हाइकाला जुनाच!

हे सगळं दोन-तीन तासांत जमतं. खरी काळजी पुढेच आहे. पान बहुधा गटातल्या एखादीची शिकलेली मुलगी किंवा भाचा करून देतो, तेही स्वतःच्या ईमेलवरून. उद्या मुलगी सासरी गेली, भाचा नोकरीला लागला की पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. पान दिसत राहतं, पण जुना दर, बंद पडलेला नंबर बदलायला कुणीच नसतं.

गटाची पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथंही तसंच करा. ईमेल गटाच्या नावानं काढा. त्याला सचिवताईंचा मोबाइल जोडा. 'शेअर' मधून अध्यक्षताईंनाही बदल करायचा हक्क द्या. पासवर्ड बंद पाकिटात घालून पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलले की नंबर आणि पासवर्ड दोन्ही बदला, आणि तसा ठराव वहीत लिहा.

मुलांची मदत जरूर घ्या. पण शेवटचं 'पब्लिश' गटातल्या ताईनंच दाबावं. पुढच्या मासिक बैठकीत आधी एवढंच ठरवा: आपल्या गटातून संगणकावर बसणाऱ्या दोघी कोण?