आयतं ताट

पुण्यात लेकीनं एका रविवारी साडेअकराला ब्रंचला नेलं. उंच छत, भिंतीवर वेली सोडलेल्या, मेन्यूत पॅनकेक, अवोकॅडो टोस्ट आणि अर्धवट शिजवलेली अंडी. ‘‘ही न्याहारी म्हणायची का जेवण?’’ मी विचारलं. ‘‘दोन्ही, आई.’’ ‘ब्रंच’ हा शब्द १८९५ साली गाय बेरिंगर नावाच्या इंग्रज लेखकानं मांडला. शनिवारी रात्री जागलेल्यांना रविवारी सकाळी निवांत झोपू द्यावं, असं त्याचं म्हणणं. आमच्या वऱ्हाडात, तेल्हाऱ्याकडे उजाडता वावरात गेलेली माणसंही याच सुमारास भाकर-ठेचा सोडतात. वेळ तीच, झोप तेवढी नसते.

वेटरनं मांडीवर नॅपकिन पसरला आणि मला माझी माय आठवली.

सत्तरच्या दशकात आमचं बाहेरचं जेवण म्हणजे वारी भैरवगडला मारुतीच्या पायाशी, वान नदीच्या काठी रोडगे. तेव्हा तिथं हनुमान सागर धरण झालं नव्हतं. बैलगाड्या पहाटेच निघत. रोडगे करायचे ते पुरुषांनी, हा वऱ्हाडातला जुना रिवाज. जाडसर कणकेचे थरावर थर देऊन गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, भाजले की राख झटकून तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. बाबांच्या रोडग्यांचं कौतुक मग वर्षभर चाले. पण गहू जाडसर दळून आणलेला असे मायनं, कणीक भिजवलेली मायनं, वांगी चिरलेली काकूनं. पुरुषांची पंगत उठली की बाया जेवत, आणि नंतर नदीवर राखेनं भांडीही त्याच घासत. सहलीला मायसुद्धा आली होती, असं आम्ही सगळे म्हणायचो.

दुसरं बाहेरचं जेवण अकोल्याला. अडगाव स्टेशनहून मीटरगेजची गाडी मिळे. अकोला-खंडवा मार्गावरची ती गाडी २०१७ मध्ये बंद झाली. कापडखरेदी आटोपली की बाबा हॉटेलात नेत, थेट ‘फॅमिली रूम’मध्ये. प्लायवूडचा खोका, दाराला मळका पडदा. बाईमाणसानं घास घेताना दिसू नये, एवढीच त्याची सोय. आत पंखा नसे. माय डोसा खाताना पदर पुढं ओढून घेई, अन् बिल किती झालं हे दोनदा विचारी. तिच्या घशाखाली तो डोसा उतरत असेल, असं मला वाटत नाही.

ती मोकळी खायची फक्त शेगावात. गजानन महाराजांचं दर्शन झालं की स्टेशनवर कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती १९५०च्या सुमारास तिथं विकायला सुरुवात केली, आणि गाडीत बसल्या बसल्या खाता येईल अशी ती मुगाच्या सारणाची, कागदावरची वस्तू पार नागपूर-मुंबईपर्यंत गेली. फलाटावर पडदा नव्हता. उभ्यानं खायचं, हिरवी मिरची चावायची, हात झटकायचे. ताट नाही, म्हणून घासायलाही काही नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या बायकांचं पहिलं खरं हॉटेल ते फलाट.

पुण्यातल्या त्या हॉटेलात मी दोन तास बसले. अंडी फिकी होती, टोस्टवर मीठ-तिखट मागून घ्यावं लागलं. रोडग्याची सर कशालाच नव्हती, हे सांगायलाच नको. पण पाणी दुसऱ्यानं भरलं, उष्टी ताटं दुसऱ्यानं उचलली, आणि शेजारच्या टेबलावर तीन बाया, बरोबर एकही पुरुष नाही, मोठ्यानं हसत होत्या. कुणी वळून पाहिलं नाही. बिल पाहून मात्र मी मायसारखंच दोनदा विचारलं.

यंदा थंडीत सगळ्यांनी वारी भैरवगडला रोडगे करायचे ठरलंय. कणीक जावयानं मळायची अन् भांडी लेकानं घासायची, हे मी आधीच सांगून ठेवलंय.