थुंकीतला धागा

आमच्या कार्यशाळेतला पहिला प्रयोग थुंकीचा असतो. सातपूरच्या कामगार वस्तीतली नववी-दहावीची मुले रविवारी जमतात. प्रयोगशाळा कसली, समाजमंदिरातली दोन टेबले!

मिठाचे पाणी तोंडात अर्धा मिनिट खळखळवून ग्लासात थुंकायचे. गालाच्या आतल्या पेशी त्यात उतरतात. भांडी घासायच्या पातळ साबणाच्या दोन थेंबांनी पेशींचे स्निग्ध आवरण फुटते. मग बर्फात गार केलेले आयसोप्रोपाइल अल्कोहोल कडेने हळूच सोडायचे. डी.एन.ए. त्यात विरघळत नाही. पांढरे धागे वर येतात. ग्लास हलवू नये, धागे तुटतात.

परवा एक मुलगा थुंकायलाच तयार होईना. चारचौघांत लाज वाटते म्हणाला. मला पेशवाईतले मडके आठवले. थुंकीने रस्ता बाटू नये म्हणून पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात ते बांधायला लावत. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्याची नोंद केली आहे. मी ते मुलांना सांगितले. तो थुंकला.

सगळ्यांचे धागे सारखेच दिसले. लगेच एकजण म्हणाला, "म्हणजे जात खोटी, सिद्ध झालं!" इथे शिक्षकाने फुकटची टाळी घेऊ नये. केळ्याचा धागाही असाच दिसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या धाग्याने काहीच सिद्ध होत नाही. त्यातली अक्षरे वाचावी लागतात.

ती वाचली गेली आहेत. हैदराबादच्या सी.सी.एम.बी.च्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी ७३ समूहांचा डी.एन.ए. तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडला: सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळले, पुढे ती सरमिसळ आटली. बेटीबंदी आली. अंतर्विवाह हेच जातीचे खास लक्षण, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात म्हटले होते. तेव्हा डी.एन.ए.ची रचनाही कुणाला ठाऊक नव्हती.

म्हणून 'जातीजातींत काहीच फरक नाही' असे मी शिकवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोंडून घेतलेल्या समूहांत बारीक फरक साठतात, ते सापडतात. पण ते भिंतीमुळे पडले. त्यांच्यामुळे भिंत उभी राहिली नाही.

एका मुलीने विचारले, "सर, मग भिंत पाडल्यावर किती पिढ्यांत मिसळेल?" मी म्हणालो, एका लग्नापासून सुरुवात होते. मुले हसली. तिने आपला धागा छोट्या बाटलीत भरून आईला दाखवायला नेला.